मोहावरची भृंगराज आणि तारेवरचा कोतवाल

"काकू, बाजूले व्हा! पाखरू न्हाई, लबाड हाये ते एक नंबरचं. झाडच तोडतो, म्हंजे घरटं बी जाते न् कटकट बी."

"हात त लावून पाह्य! धुऱ्यावरचा मोहा हाये, अर्धा माहा हाये."

कुऱ्हाड घेतलेला तो बांधापल्याडचा शेजारी उत्तमराव. पदर खोचून आडवी उभी ती राहीबाई. आणि जिच्यावरून हे जुंपलंय ती लबाड मी, भृंगराज! माझी पिलं याच मोहाच्या शेंड्याला आहेत, म्हणून सांगते ते नीट ऐका.

इंद्रवेल्लीच्या रानात सागावर माझा जन्म. डोक्यावर तुरा, शेपटीला दोन लांब तारा, टोकाला पिसांचे चमचे. उडायला आईने शिकवलं. बोलायला माझी मीच शिकले. बुलबुल, पोपट, मांजर, शिकारी शिक्रा, जो आवाज कानावर पडला तो गळ्यात उतरला. शिक्र्याची किंकाळी काढली की सातभाई पाखरं चोचीतली अळी टाकून पळतात. ती मी खाते. त्यात लाजायचं काय?

उत्तमरावाचा लाडका म्हणजे समोरच्या विजेच्या तारेवरचा कोतवाल. आमच्याच कुळातला, माझ्याइतकाच काळा. पण ना तुरा, ना तारा. शेपटी माशासारखी दुभंगलेली. बोली येते ती एकच, तीही शिवीसारखी. मात्र छातीचा पक्का! कावळा असो की घार, टोचून टोचून शिवाराबाहेर काढतो.

"कोतवाल राखन तरी करते," उत्तमराव गरजला. "हे नुसतं शिक्र्यावानी वरडते, न् माह्या कोंबड्या दिसभर दडून राह्यतात!"

"दडतात म्हनून त जित्त्या हायेत!"

त्याने कुऱ्हाड उगारली. तेवढ्यात टेकडीकडून खरा शिक्रा आला, जमिनीलगत, गुपचूप. मी जीव खाऊन किंचाळले. कोंबड्या पिलांसकट काट्यांच्या कुपाटीत घुसल्या.

"पाह्यलं काकू? लागलं पुन्हा ढोंग कराले!"

त्याचं बोलणं संपतंय तोच शिक्रा त्याच्या डोक्यावरून सर्रकन गेला, रिकाम्या नख्यांनी. तारेवरून कोतवाल झेपावला आणि पाठ टोचत टोचत त्याला पार नाल्यापल्याड घालवून आला. बोंब माझी, मार त्याचा! मी शेंड्यावर तारा फडकावत बसले, राणीसारखी.

कुऱ्हाड खाली आली. पण झाडावर नाही, उत्तमरावाच्या पायाशी. राहीबाईने ती उचलून त्याच्या हातात ठेवली.

"घरी जाय, उत्तम. पाखरं वळखाचं तुह्या कोंबड्याइले जमलं, तुले बी जमन कवातरी."