पोस्टरमधलं भोक

वाचनालयाच्या दारावर लावलेलं पोस्टर बघितलं आणि सुतारबुवांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोस्टरवर गिटार होती. दुकानातली, लालभडक, आरशासारखी चकचकीत. खाली ठळक अक्षरांत ‘तंतुवाद्य वर्ग’, आणि त्याच्याही खाली, चष्मा पुसून वाचावं इतक्या बारीक अक्षरांत, ‘घरच्या घरी बनवायला शिका’.

बुवांनी चाळीस वर्षं कारखान्यात लोकांची कपाटं केली. निवृत्तीनंतर स्वतःसाठी म्हणून केलेली पहिली वस्तू म्हणजे त्यांचं वाद्य: तेलाचा चौकोनी डबा, झाडूचा दांडा, तार उचलून धरायला टूथब्रश कापून केलेली घोडी, आणि सायकलच्या ब्रेकच्या वायरीतून उसवून काढलेली एकच बारीक तार. हे बनवायला शिकवायचं, एवढाच वर्ग. वरची खोली द्यायला ग्रंथपालबाई तयार होत्या, पण बाई पक्क्या. शुक्रवारी सहापर्यंत वहीत आठ नावं नसली तर खोली बुद्धिबळवाल्यांना.

बुधवारपर्यंत सहा नावं चढली आणि पाच खोडली गेली. जो तो आधी विचारी, “गिटार तुम्हीच देणार ना?” डबा दाखवला की एकाला वेळ जमेनाशी होई, दुसऱ्याचा गुडघा दुखू लागे. टिकलं ते एका आजोबांचं नाव. त्यांनी पोस्टर वाचलंच नव्हतं. त्यांना दुपारी घराबाहेर बसायला जागा हवी होती.

पंचाईत अशी, की पोस्टर जावईबापूंनी स्वतःच्या छापखान्यात, हौसेनं आणि फुकट छापलं होतं. जावयाला बोलायचं कसं? बुवा लेकीच्या घरी गेले आणि बोललेच.

“डब्याची लाज वाटली तुम्हाला?”

“लाज कसली, बाबा?” जावईबापू म्हणाले. “पण डबा बघून येणार कोण? लोकांना वाटेल, यांची विकत घ्यायची ऐपत नाही.”

“नाहीच घ्यायचं विकत! तेच तर शिकवणार आहे! उद्या माझं पोस्टर छापाल, तेव्हा फोटोही दुसऱ्याचाच लावा. केस असलेला.”

“बाबा, जरा हळू,” लेक म्हणाली. “शेजारी ऐकतायत.”

“ऐकू देत. तेवढीच जाहिरात.”

गुरुवारी सकाळी बुवा धारदार पटाशी घेऊन आले. पोस्टरवरची गिटार त्यांनी कडेकडेनं कापून काढली आणि त्या भोकात आपला डबा दारालाच स्क्रूनं आवळून बसवला. खाली पेन्सिलीनं लिहिलं: ‘छेडून बघा.’

लोक बघू लागले. पुस्तक परत करणारा छेडी, नवं नेणारा छेडी, नुसता पंख्याखाली बसायला आलेलाही छेडी. ट्वँग. ट्वँग. ग्रंथपालबाई तणतणत बाहेर आल्या.

“बुवा, हे वाचनालय आहे!”

“हे दार वर्षभर कुरकुरतंय, त्याला कधी शांतता राखायला सांगितलीत?”

बाई आत गेल्या. नाव मात्र एकही चढलं नाही. छेडायला सगळे, लिहायला कोणी नाही. बुवांचा पारा आणखी चढला.

शुक्रवारी चार वाजता तार तुटली. बुवा पायरीवर बसले, ब्रेकची वायर काढली आणि तिचा एक पदर उसवू लागले. आत जाणारी एक नर्स थबकली.

“एवढ्यातून तार निघते?”

“निघते. धरा हे टोक.”

तिनं धरलं. मग एका रिक्षावाल्यानं खुंटी पिळली, बेकरीवालीनं घोडी सरळ केली. तार सुरात आली तशी तिघांनीही वही मागितली. ती गर्दी कसली म्हणून आणखी तिघं डोकावले आणि अडकले. पावणेसहाला वहीत नावं सात. बाई घड्याळाकडे बघत दारात उभ्या, बुद्धिबळवाले पट काखेत मारून त्यांच्या मागे.

तेवढ्यात जावईबापू आले. हातात छपाईच्या शाईचा रिकामा डबा, घासूनपुसून लख्ख केलेला, त्यात दांडा खुपसलेला.

“माझं नाव लिहा, बाबा.”

“मेहेरबानी नको आहे मला.” बुवांनी डबा हिसकावून घेतला, फिरवून पाहिला आणि ओरडले, “हे भोक कुणी पाडलं? तळाच्या पत्र्याला? दांडा आडवा जातो, या कुशीतून त्या कुशीत! तळ मोकळा ठेवायचा, तोच तर बोलतो!”

“रात्रभर खपून मीच पाडलं.”

बुवांनी वही ओढली आणि आठवं नाव स्वतःच्या हातानं लिहिलं.

“वर्गात जावयाचा मान मिळणार नाही,” ते म्हणाले. “पहिल्या दिवशी सगळ्यांचे डबे तुम्ही घासायचे.”