आठ नगांचा घाणा

मोनिकानं जेवायला बोलावलं होतं एका माणसाला. जीपमधून उतरले आठ.

पहिले उतरले सांडूआबा, म्हणजे तिच्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. त्यांच्या मागून फेटे, टोप्या आणि मिशा यांच्यासह देवगाव रंगारीची भावकी उतरत राहिली. मोनिका पडेगावातल्या घराच्या दारात उभी होती. दर माणसागणिक तिच्या चेहऱ्यावरचं स्वागताचं हसू एकेक दात आत घेत होतं.

"हे सगळे जेवायला आलेत?" तिनं नवऱ्याला हळूच विचारलं.

"नाही तर काय जीप धुवायला आलेत?" सत्यम म्हणाला, आणि पाहुण्यांच्या चपलांना जागा करायच्या निमित्तानं सटकला. कठीण प्रसंगी चपला नीट लावणं हा सत्यमचा स्वभावच होता.

मामला असा होता. घराच्या रस्त्याकडच्या बाजूला एक गाळा होता आणि तो मोनिकाला हवा होता. तिचं माहेर छावणीतलं. वडील ऑफिसर लोकांच्या मेसमध्ये आचारी, त्यामुळे इतरांच्या घरी रविवारी पोहे होतात तसं तिच्या घरी डुकराचं बेकन व्हायचं. लग्नानंतर तिनं स्वतःच्या कमाईतून एअर फ्रायर घेतला आणि घरबसल्या ऑर्डरी सुरू केल्या. सॉसेजला बेकनची पातळ पट्टी गुंडाळायची, सुटू नये म्हणून काडी टोचायची, आणि यंत्रात ढकलायचं. तेलाचा थेंब नाही. वरून कुरकुरीत, आतून रसाळ. छावणीपासून खुलताबादच्या रस्त्यावरच्या रिसॉर्टांपर्यंत तिचा माल जायचा. आता तिला रस्त्यावर काउंटर टाकायचं होतं.

पण जागा सासरे आणि सांडूआबा या दोघा भावांच्या नावावर होती, आणि एक मोबाईलची कव्हरं विकणारा गाळा भाड्यानं मागत होता. सासरे कारभारी म्हणाले, "दादा म्हणतील तसं." कारभारींनी आयुष्यातले झाडून सगळे प्रश्न याच वाक्यावर सोडवले होते, स्वतःचं लग्नसुद्धा. म्हणून मोनिकानं ठरवलं, की दादांनाच बोलवावं, गरमागरम खाऊ घालावं, आणि तोंडातला घास उतरायच्या आत 'व्हय' काढून घ्यावं.

निरोप देण्याचं काम सत्यमकडं होतं. तिथंच माशी शिंकली.

"आबा, मोनिका डुक्कर करतीय," तो फोनवर म्हणाला.

देवगावात बोकड चालतो, कोंबडी धावते, पण गावडुकराचं नाव काढलं तर माणसं चूळ भरतात. रानडुकराची गोष्ट वेगळी.

"रानातलं का गावातलं?" आबांनी विचारलं.

"फार्मातलं."

"म्हंजी शेतातलंच की," आबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम हळवा झाला.

गेली तीन वर्षं रानडुकरं आबांचा मका उकरून खात होती. पारावर आबांनी ही बातमी सांगितली मात्र, ज्याच्या ज्याच्या मक्यात डुक्कर शिरलं होतं, त्यानं त्यानं स्वतःला आमंत्रित समजलं. आबांचा चुलत पुतण्या राजकुमार तर अख्खा हंगाम मचाणावर डबा बडवत जागला होता. चपला काढता काढता तो मोनिकाला म्हणाला, "वहिनी, इतके दिस त्यानं आमचं खाल्लं. आज आमची पाळी."

मोनिकानं मनातल्या मनात कपाळावर हात मारला. उद्याच्या ऑर्डरीचा माल फ्रीजरमध्ये होता, तो सगळा काढला. म्हणजे मालाची अडचण नव्हती. अडचण अशी होती, की यंत्राच्या टोपलीत एका वेळी आठच नग बसत, आणि तो घाणा निघायला चांगला पाव तास लागे.

शिवाय यंत्र स्वयंपाकघरात नव्हतंच. सासूबाई चतुराबाईंनी सकाळीच सांगितलं होतं, "देव्हाऱ्यासमोर हे नको बाई. आमच्यात पुरुषमाणसं बोकडसुद्धा मागच्या अंगणात शिजवतात." त्यामुळे एअर फ्रायर मागं धुण्याच्या दगडावर बसला होता. खिडकीतून त्याला वायर दिली होती. शेवग्याखाली तो घरघरत होता, आणि चतुराबाई त्याच्याकडं परक्या गावच्या कुत्र्याकडं पाहावं तसं पाहत होत्या.

बैठकीत सतरंज्या पडल्या. समोरासमोर दोन रांगा बसल्या. ताटात भाकरी, कांदा, ठेचा आला. पहिला घाणा निघाला. बेकन सोनेरी झालं होतं आणि चुर्रचुर्र बोलत होतं. सत्यमनं तो धावत नेला आणि चौघांना दोन-दोन वाढले. मोनिकानं दारातून पाहिलं. आबांच्या ताटातून वाफ निघत होती.

आबा मांडी घालून बसून राहिले.

"घ्या ना आबा," ती म्हणाली.

"समद्यांच्या ताटात पडू दे."

"त्यांचं यंत्रात आहे. तोवर तुम्ही सुरू करा."

आबांनी तिच्याकडं असं पाहिलं, की जणू तिनं त्यांना धोतर सोडून जेवायला सांगितलंय. "सूनबाई, पंगतीत अर्ध्यांनी खायचं अन् अर्ध्यांनी बघायचं? मला गावात त्वांड दाखवायचंय."

"मग एकेक वाढू का? आठ जण, आठ नग. हिशेब बसतो."

यावर बैठकीतून नव्हे, थेट स्वयंपाकघरातून उत्तर आलं. "पाहुण्याच्या ताटात एकटं वाढू नये गं!" चतुराबाई म्हणाल्या. कारभारी मान हलवत म्हणाले, "एकटं वाढत नसतात." का वाढत नसतात हे दोघांनाही माहीत नव्हतं, पण म्हणूनच ते ठाम होते.

दुसरा घाणा निघाला. उरलेल्या चौघांना वाढला. आता सगळ्यांच्या ताटात पडलं होतं. आबांनी बोटानं आपला नग दाबला. बेकनची चरबी गोठून पांढरी झाली होती.

"हे गार झालं की."

"झालं," मोनिका म्हणाली. झालं नसतं तरच नवल होतं.

"गरम करून आण," कारभारी म्हणाले. पाहुण्यांसमोर ते सुनेवर अधिकार गाजवायची एकही संधी सोडत नसत, कारण पाहुणे गेल्यावर ती मिळत नसे.

पहिल्या चौघांचे नग परत टोपलीत गेले. ते गरम होऊन येईपर्यंत दुसऱ्या चौघांचे गार झाले. ते नेले, तोवर पहिल्यांचे पुन्हा गार. बैठक आणि अंगण यांच्यामध्ये सत्यम परातीसह असा फिरू लागला, की राजकुमारला त्यात मोटेच्या बैलाची आठवण झाली, आणि त्यानं ती मोठ्यानं सांगितली.

"एक फायदा झालाय," तिसऱ्या फेरीला सत्यम धापा टाकत म्हणाला. "आता सगळे सारखेच गार आहेत."

"तू बोलू नकोस," मोनिका म्हणाली.

"मी आपलं—"

"चपला लाव जा."

काड्या जळून काळ्या पडल्या होत्या. बेकन आकसून म्हाताऱ्याच्या सदऱ्यासारखं झालं होतं. वडिलांनी हे पाहिलं असतं तर त्यांनी ॲप्रन काढून ठेवला असता. पण बैठकीत एकाही माणसानं तक्रार केली नाही. ते सगळे भुकेले, शांत आणि सभ्य बसून होते. मोनिकाला त्या सभ्यतेचाच सगळ्यात जास्त संताप येत होता. एखाद्यानं तरी चोरून एक तुकडा तोंडात टाकावा! पण नाही. मका राखताना डुकरांवर ठेवला नव्हता एवढा कडक पहारा ही माणसं आपल्याच ताटावर ठेवत होती.

तेवढ्यात राजकुमार हात धुवायचं निमित्त करून अंगणात डोकावला आणि आनंदानं ओरडला, "आबा, यंत्राच्या बुडाशी पानी हाय! खाली रस्सा व्हायलाय!"

बैठकीत जान आली. आठही जणांनी भाकरी कुस्करायला घेतली.

"तो रस्सा नाहीये भाऊजी," मोनिका दारात येऊन म्हणाली. "चरबी ठिबकून धूर होऊ नये म्हणून पाणी घालतात. ते फेकायचं असतं."

"मग रस्सा कशात हाय?"

"कशातच नाही. याला रस्सा नसतो."

कुस्करणारे हात थांबले. कुणाच्या तरी घरून वाईट निरोप यावा तसे सगळ्यांचे चेहरे उतरले. आबांनी सावकाश एक काडी उपसून उजेडात धरली. "हाडूक नाय," ते म्हणाले, "रस्सा नाय. अन् काडी हाय."

हे ऐकवेना म्हणून की काय, चतुराबाई उठल्या. त्यांच्याकडं येसराचा, म्हणजे रश्शाच्या भाजक्या मसाल्याच्या पिठाचा, डबा भरलेला असे. त्यांनी देव्हाऱ्याचं दार लावलं, पातेलं चढवलं, लसणाची फोडणी दिली, येसर कालवलं. घमघमाट सुटला. मग त्या बैठकीत आल्या, आठही ताटांतले सोळाच्या सोळा नग परातीत गोळा केले, आणि मोनिका "आई, नको, आई!" म्हणेपर्यंत सगळे उकळत्या पातेल्यात सोडून दिले.

"एकदम गरम होतील," त्या म्हणाल्या. "एकदम वाढता येतील."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मोनिकाला रडावं का पातेलं उचलावं कळेना. कुरकुरीतपणा हाच ज्याचा जीव, त्याला तिच्या डोळ्यांदेखत बुडवून मारलं होतं.

पंगत जेवली. भुरके असे निघाले, की शेजारच्यांनी खिडकी उघडून पाहिलं. राजकुमारनं प्रत्येक घासाला आपल्या शेताचा गट नंबर पुटपुटला. दोन वेळा रस्सा मागून झाला. सॉसेज कुणाच्या ताटात आहे, कुणाच्या पोटात गेलं, याची फारशी चौकशी कुणी केली नाही.

शेवटी आबांनी ढेकर दिली आणि निकाल दिला.

"लई झ्याक झालं चतुराबाई. तसल्ली झाली." मग ते मोनिकाकडं वळले. "पन सूनबाई, गाळ्याचा नाद सोड. मी निवांत बघितलं. आठ मानसांत तुजं यंत्र घायकुतीला आलं. दुकानात चाळीस आले तर? लोक उपाशी उठून जातील अन् नाव आपलं जाईल. गाळा त्या कव्हरवाल्याला देऊन टाका."

"दादा बरोबर बोलतात," कारभारी म्हणाले.

मोनिकानं तोंड उघडलं असतं तर भावकी तुटली असती. ती सरळ मागच्या अंगणात गेली आणि धुण्याच्या दगडाच्या टोकावर बसली. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. फ्रीजरमधल्या मालातले दोन नग तिनं स्वतःसाठी राखले होते, ते टोपलीत टाकले, आणि शेवग्याकडं रागानं पाहत बसली. शेवग्याचा काही संबंध नव्हता, पण समोर तोच होता.

आत सुपारी कातरायला सुरुवात झाली होती. आबा हात धुवायला नळावर आले. मोनिकानं डोक्यावरचा पदर सारखा केला, पण मान वर केली नाही. तेवढ्यात यंत्र वाजलं. तिनं टोपली ओढली. चुर्र असा आवाज झाला आणि धुरकट, खारट, गोडसर वास थेट आबांच्या नाकाशी गेला.

आबा हात झटकता झटकता थांबले.

"हे तेच हाय?"

"तेच."

"आत दिलं ते असं नव्हतं."

"आत दिलं तेव्हा असंच होतं!" मोनिका म्हणाली, आणि मग तिला आवरेना. "चार वेळा असंच होतं! तुम्ही खाल्लं नाहीत. तुम्ही बघत बसलात. हे घ्या. बसू नका, उभ्यानं खा. कुणाची वाट बघू नका. आणि काडी काढा आधी."

थोरल्या सासऱ्यांशी या सुरात बोलणारी त्या घराण्यातली ती पहिलीच सून. आबांनी एकदा मागं वळून दाराकडं पाहिलं. दारात कुणी नव्हतं. त्यांनी काडी उपसली आणि अख्खा नग तोंडात टाकला.

कुर्रकन आवाज झाला. आबांचे डोळे मोठे झाले, भुवया फेट्यात गेल्या, आणि ते एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचू लागले.

"पाणी देऊ?" मोनिका घाबरून म्हणाली.

आबांनी हातानंच नको म्हटलं. बराच वेळ त्यांनी तोंडातल्या तोंडात तो नग इकडून तिकडं फिरवला, मग गिळला, आणि नळाच्या कट्ट्याला टेकले.

"जीभ पोळली," ते म्हणाले. तक्रार नव्हती. नवल होतं. "सूनबाई, जेवताना माजी जीभ कधी पोळली नव्हती."

मोनिकानं त्यांच्या हातातली काडी काढून घेतली.

"ल्हान होतो तवा मला शेवटी वाढायचे. थोरला झालो, तर शेवटचं ताट भरेस्तोर घास उचलायचा नाय. आख्ख्या जल्मात गरम काय आसतं ते वासावरूनच वळखलंय." त्यांनी ओठ पुसले. "दुकानात असंच मिळंल?"

"असंच. घाणा निघाला की समोरच्याच्या हातात."

"थांबायचं नाय?"

"कुणासाठीच नाही. तिथं पंगत नसते आबा."

"अन् थोरल्याला आधी?"

"जो आधी आला त्याला आधी," मोनिका म्हणाली. खोटं बोलायचंही आता तिच्यात त्राण नव्हतं. "थोरला असो नाहीतर धाकटा."

आबांच्या कपाळाला आठी पडली. घराण्याची इज्जत आणि टोपलीतला दुसरा नग यांच्याकडं ते आळीपाळीनं पाहू लागले. शेवटी त्यांनी दुसरा नग उचलला. तोही मोनिकाचाच होता.

"दादा!" आतून कारभारींनी हाक मारली. "सुपारी घेताय ना?"

आबांनी घास घाईघाईनं एका गालात दडवला, मिशी पुसली, आणि चेहऱ्यावर थोरलेपण चढवून बैठकीत गेले. मोनिका दाराआड उभी राहिली.

"कारभारी," आबा जरा बोबडं बोलत होते, पण आवाज पक्का होता, "गाळा सूनबाईला द्यायचा. कव्हरवाल्याला नाय सांगून टाक."

"पण आत्ताच तर तुम्ही—"

"आत्ता मी हात धुतले. आता डोकं चालायलं. अन् एक. गाळ्याला मागून एक दार पाडा."

"मागून? रस्ता तर पुढं आहे दादा. दार कशाला?"

आबांनी गालातला घास दुसऱ्या गालात घेतला.

"हवेला," ते म्हणाले.

मोनिका परत अंगणात आली. सत्यम मागोमाग धावत आला. "दिला! आबांनी दिला गाळा! काय केलंस तू?"

"माझं जेवण दिलं," ती म्हणाली, आणि पातेल्यात काही उरलंय का बघायला स्वयंपाकघरात गेली. रस्सा होता. तिनं भाकरी कुस्करली, चतुराबाई समोर ताट घेऊन बसायची वाट न पाहता पहिला घास घेतला, आणि जीभ पोळून घेतली.