साठ घोडे आणि एक लाल दोरी

मी एक जुनी मोटारबोट आहे, मित्रांनो, आणि माझ्यामुळे एका माणसाचा पाय अधू झाला आहे. हे शेवटी सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण मग तुम्ही अर्ध्या वाटेपर्यंत माझं कौतुक करत बसला असता, आणि ते मला सहन झालं नसतं.

माझा जन्म कोकणात, खाडीकाठच्या एका शेडमध्ये झाला. साच्यात फायबरचं कापड अंथरून त्यावर चिकट रस ओतत मला घडवलं. वाळायला चार दिवस लागले. ते चार दिवस मी कुणाचंही नुकसान केलं नाही.

समुद्र समोर दिसत असताना मला ट्रकवर चढवलं आणि घाट चढून, उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत तीन तास अडकून मी माजलगावकडे आले. धरणाच्या फुगवट्याकाठी आमचं गाव. तिथले पुढारी विजयसिंहदादा. पर्यटन वाढवायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. गावातला सगळ्यात मोठा ट्रॅक्टर पन्नास घोड्यांचा, आणि माझं इंजिन साठ घोड्यांचं. त्यामुळे पहिल्याच दिवशी मला मोठा मान मिळाला. एका म्हाताऱ्यानं मात्र माझ्याभोवती दोन चकरा मारून गंभीरपणे विचारलं, "हिला नांगर जोडता येतो का?"

माझं उद्घाटन झालं. माझ्यासोबत कोकणातून एक मिस्त्री आले होते. त्यांना शाल दिली, नारळ दिला, फेटा बांधला आणि माईक दिला. ते सांगू लागले, "ही लाल दोरी फार महत्त्वाची. एक टोक इंजिनच्या बटणाला, दुसरं चालवणाऱ्याच्या मनगटाला. चालवणारा पडला, की दोरी सुटते आणि इंजिन बंद..." तेवढ्यात कुणीतरी टाळ्या सुरू केल्या आणि पाठोपाठ बँड वाजला. मिस्त्री हात जोडून खाली बसले. ऐकलं ते फक्त एका माणसानं. लखननं.

लखन शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्या घरातला. उन्हाळ्यात फुगवटा ओसरला, की उघड्या पडलेल्या जमिनीवर तो गावातल्या सगळ्यांची जनावरं चारायचा. म्हणून आता पाण्याखाली गेलेली जुनी विहीर कुठं, बांध कुठं, बाभळीचे खुंट कुठं, हे त्याला पाठ होतं. दादांनी त्यालाच चालक नेमलं.

तो मला कळपासारखा हाकायचा. "कळपात लंगडी शेळी आसती ना, तिच्या चालीनं चालावं लागतंय," असं तो म्हणायचा. बोटीत बसलेल्यांमध्ये जो सगळ्यात भित्रा, त्याच्या तोंडाकडे बघून तो वेग धरायचा. म्हातारी बसली असेल तर संथ. कॉलेजची पोरं असतील आणि पाणी मोकळं असेल, तर तो मला असं सोडायचा, की पोरं ओरडायची आणि माझं नाक आभाळात जायचं. खुंटांच्या बाजूला मात्र पोरांनी कितीही विनवण्या केल्या तरी तो चालण्याच्या गतीनंच जायचा. आणि लाल दोरी कायम मनगटाला.

इथून माझा गुन्हा सुरू होतो, मित्रांनो. मला ती दोरी आवडत नव्हती. लखन कुणाला लाइफ जॅकेट घालायला वळला, की दोरी ओढली जायची आणि मी भर पाण्यात बंद. लोक हसायचे. साठ घोड्यांच्या बोटीला लोक हसतात, हे मला फार लागायचं.

एकदा दादांनी ते पाहिलं. "काय बे लखन, बैलासारखं दाव्याला बांधून घेतलंस का?"

"मिस्त्रीनं सांगितलंय दादा. पडलो तर बंद पडती."

"तू पडतूस कावून पण? लेकरू हाईस का?"

काठावरचे सगळे हसले. दुसऱ्या दिवसापासून पोरं लखनला बघून "हंबाऽऽ" करू लागली. तिसऱ्या दिवशी त्यानं दोरी मनगटातून काढली. ती बटणाला तशीच लटकत राहिली, तेव्हा दादांच्या बायकोनं, सत्यशीलाबाईंनी, मोठ्या मायेनं तिला लिंबू-मिरची बांधली. नव्या गाडीला नजर लागू नये, तसं. दोरी लाल होती, लोंबत होती, दिसायलाही त्यासाठीच केल्यासारखी होती.

मी खूश झाले. आता मला मधेच कुणी बंद करणार नव्हतं.

जॅकेटांचंही असंच. नव्या वस्तूचं प्लॅस्टिक काढलं की ती जुनी होते, हा आमच्याकडचा नियम. त्यामुळे वीस जॅकेटांपैकी सोळा प्लॅस्टिकमध्येच होती. लोक ती मांडीवर घेऊन बसायचे, आहेरासारखी.

संक्रांत झाली. उसाला पाणी सुटलं आणि फुगवटा उतरू लागला. त्याच आठवड्यात दादांचा वाढदिवस होता. ड्रोनवाला बोलावला होता. मी पाणी फाडत काठाकडे यायचं, पुढे दादा हात हलवत बसलेले, मागे लखन फेटा बांधून उभा, असं ठरलं. दादांची बारा वर्षांची मुलगी आरोही हट्टानं सोबत बसली. लखननं आधी तिला जॅकेट घातलं, प्लॅस्टिक दातानं फाडून. स्वतः घालायला घेतलं तर दादा म्हणाले, "त्यानं फुगलेला दिसतूस. ठिव खाली. आन् उभा ऱ्हा, बसलास तर फेटा दिसत न्हाई."

दादांनी वळणाकडे बोट दाखवलं. "तिकडून घे. ऊन चांगलं हाय."

"दादा, तिकडून नगं. बाभळीचे खुंट हायत. पानी उतरलंय."

"दिसतेत का तुला?"

"न्हाई. पन हायत."

"जे आपल्याला दिसत न्हाई, ते ड्रोनला बी दिसत न्हाई. सोड सगळे घोडे!"

लखन थांबला. त्यानं आरोहीच्या तोंडाकडे पाहिलं. ती हसत होती. मी त्याच्या हाताखाली थरथरत होते. भीतीनं नाही, मित्रांनो. आनंदानं. अडायचं ठरवलं तर इंजिन शंभर कारणांनी अडतं. मी एकाही कारणानं अडले नाही.

खुंट लागला. मी उडाले आणि लखन मागच्या मागे पाण्यात गेला. दोरी त्याच्या मनगटाला असती, तर मी तिथंच थांबले असते. ती लिंबाला होती. सुकाणूचं चाक आपोआप एका बाजूला वळलं आणि मी गोल फिरू लागले, ज्या जागी लखन पडला होता त्याच जागेभोवती. पहिल्या फेरीत तो बुडी मारून वाचला. दादा तळाशी आडवे झाले होते, प्लॅस्टिकमधलं जॅकेट छातीशी धरून. दुसऱ्या फेरीत माझा पंखा त्याच्या डाव्या पावलाला लागला. ते मला कळलं. पाण्यात खुंट कुठला आणि माणूस कुठला, हे बोटीला कळतं.

तिसऱ्या फेरीला आरोही धडपडत मागे आली, घसरली आणि आधाराला म्हणून तिनं लिंबू-मिरची धरली. दोरी सुटली. मी बंद पडले.

हे काहीच ड्रोननं टिपलं नाही. तो तेव्हा काठावरच्या केकवर होता.

लखन वाचला, पण अर्धं पाऊल गेलं. आणि गावानं निष्कर्ष काढला, की लिंबानं पोरीला वाचवलं. पुढच्या महिन्यात गावातल्या प्रत्येक ट्रॅक्टरला दोन-दोन लिंबं लागली. लखनबद्दल दादा चावडीवर म्हणाले, "पोरगं हुबं राहून चालवत हुतं. तोल गेला. आपन काय करनार?" लखननं खरं सांगून पाहिलं. पण एकीकडे दादा, दुसरीकडे लिंबू, मधे त्याचं कोण ऐकणार? ज्याला स्वतःचा तोल सांभाळता येत नाही त्याच्याकडे जनावरं कशी सोपवायची, म्हणून लोकांनी आपापल्या शेळ्या परत नेल्या. पायापेक्षा ते त्याला जास्त लागलं.

नुकसानभरपाई म्हणून दादांनी मला त्याच्या अंगणात आणून टाकलं. लखनची आई कडूबाई मला बघून म्हणाली, "पाय घेतला आन् ही बया दिली. हिला दूध हाय का, लोकर हाय?" मग तिनं माझ्यात कडबा भरला. रोज सकाळी अंगण झाडताना ती मला एक केरसुणी मारायची. दोन वर्षांत एकदाही विसरली नाही. ज्या दिवशी पाहुणे आले म्हणून उशीर झाला, त्या दिवशी मला चुकल्यासारखं वाटलं.

आरोहीला मात्र एक गोष्ट खटकत होती. लिंबू ओढल्यावर इंजिन का थांबावं? ती शाळेतून येता-येता लखनकडे थांबायची आणि तेच विचारायची. शेवटी एक दिवस लखननं माझं इंजिन पाण्याच्या पिंपात उभं केलं आणि तिला दोरीचं काम समजावून दिलं. ती घरी गेली. रविवारी बापाला घेऊन आली. मागोमाग अर्धा गाव आला, कारण आरोहीच्या हातात पाच लिंबं होती.

इंजिन पिंपात सुरू झालं. आरोहीनं त्याच्यापुढं एक लिंबू धरलं. इंजिन चालू. दोन धरली. चालू. पाचही इंजिनवर रचली. थरथरून ती एकेक करून पिंपात पडली, इंजिन चालूच. मग तिनं नुसती लाल दोरी ओढली.

इंजिन बंद झालं.

कडूबाईनं पिंपात हात घालून एक-एक लिंबू बाहेर काढलं, पदरानं पुसलं आणि म्हणाली, "बोला दादा आता."

दादांनी शाल आणली होती. ती ते लखनच्या खांद्यावर टाकू लागले.

"शाल ऱ्हाऊ द्या," कडूबाई म्हणाली. "तोंडानं बोला."

दादांना भाषणाची सवय. तरी खूप वेळ लागला. "हुबं ऱ्हा मीच म्हनलो हुतो. खुंट हायत, असं त्यानं सांगितलं हुतं मला. दोरीवरून बी मीच हसलो." आणि मग, "चावडीवर खोटं बोललो."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आमच्या गावात हे पहिल्यांदाच घडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एक जण लखनच्या दारात चार शेळ्या बांधून गेला. दुपारपर्यंत अकरा झाल्या.

त्या संध्याकाळी लखन माझ्याजवळ आला. इंजिन काढायला आला होता तेवढं सोडलं, तर दोन वर्षांत पहिल्यांदा. त्यानं कडबा बाजूला सारून माझ्या काठावर हात ठेवला आणि म्हणाला, "तुजी काय चूक गं. तू तर वस्तू."

मित्रांनो, त्या वेळी मला वाचा असती तर मी सांगितलं असतं. दोरी तुझ्या मनगटातून निघाली तेव्हा मी खूश झाले होते, सगळे घोडे सुटताना मी हसत होते. मला वाचा नाही, म्हणून त्यानं मला माफ केलं. कबुलीच्या आधी मिळालेली माफी फार जड असते. म्हणून हे सगळं तुम्हाला सांगितलं.

आता मी पुन्हा पाण्यात आहे. दुपारभर लखन शेळ्या राखतो, संध्याकाळी मला चालवतो. जॅकेटांची प्लॅस्टिकं कडूबाईनं चुलीला लावली. तुम्ही कधी आलात तर जरूर बसा. वेगाला भिऊ नका, मोकळ्या पाण्यात तो मला अजूनही साठच्या साठ घोड्यांनी सोडतो, आणि आता आरोहीही ओरडते. फक्त बसण्याआधी एवढं विचारा, की चालवणारा पडला तर हिला थांबवणार कोण? आणि कुणी तुम्हाला हसलं, तर हसू द्या. हसण्यानं कुणाचा पाय जात नाही. हसण्याला भ्यायलं, की जातो.

रोज संध्याकाळी लखन काठावरून आधी अधू पाऊल माझ्यात ठेवतो. त्या वेळी वारा असो, लाटा असोत, मी अजिबात हलत नाही.