बावीस बोर्डांपैकी पहिला

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मुज्तबाने संगणकाचं बटण तिसऱ्यांदा दाबलं. आतला पंखा फिरला, पडदा मात्र काळाच राहिला. जून २००९, लातूर, औसा रोडवरचं धोंडप्पांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान.

संगणकाचा हा मुख्य बोर्ड वरच्या मजल्यावरच्या क्लासचा होता. तिथे तसे बावीस संगणक. जुन्या डिस्क एकामागून एक निकामी झाल्या होत्या, आणि नव्या मोठ्या डिस्क बोर्डाच्या चिपमधल्या प्रोग्रामला ओळखता येत नव्हत्या. कंपनीने ते मॉडेल केव्हाच वाऱ्यावर सोडलं होतं. मुज्तबाने त्यावर तोड काढली. बटण दाबल्यावर बोर्डाला जागा करणारा तो मूळ प्रोग्रामच बदलायचा आणि जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला, कुणालाही उघडून वाचता येणारा दुसरा, नव्या चिपमध्ये भरून, तिथे बसवायचा. रविवारी नांदेडला, स्वतःच्या टेबलावर, पहिला बोर्ड त्याने तसा चालवून पाहिला होता. सकाळच्या एसटीने तो घेऊन आला. चहा होईपर्यंत धोंडप्पांनी बोर्ड संगणकाच्या पत्र्याच्या डब्यात कसूनही टाकला.

क्लास रुद्रेशचा आणि इमारतही रुद्रेशचीच. त्याचं म्हणणं सरळ होतं. चार वाजेपर्यंत हा एक सुरू झाला तर बावीसही यंत्रं धोंडप्पांकडे आणि दुकान जागेवर. नाही तर नवे संगणक येणार आणि गाळ्यात पोरांची मेस उघडणार.

मुज्तबाने बोर्डाच्या मागच्या पोर्टमधून एक तार काढून आपल्या लॅपटॉपला जोडली. नव्या प्रोग्रामचा हा गुण त्याला आवडायचा. पडदा काळा असला तरी तो तारेवरून बोलतो, एकेक पायरी ओळीने सांगतो. सहा ओळी आल्या. सातवी 'मेमरी शोधत आहे', आणि पुढे काही नाही. त्याने मेमरीची पट्टी बदलली, खाच बदलली. पुन्हा सातवी ओळ. शेवटी त्याने काडेपेटीत जपून आणलेली कंपनीची मूळ चिप बसवली. तरी पडदा काळाच.

तेवढ्यात रुद्रेश डोकावला.

"अप्पा, तुमच्या नांदेडच्या इंजिनिअरने चालता बोर्ड मारला की हो."

"चालता होता तर माझ्याकडं कशाला पाठवलास, सर?" धोंडप्पा मान वर न करता म्हणाले.

"कंपनीची चिप टाकूनही उठत नाही ना आता?"

"म्हणूनच दोष प्रोग्रामचा नाही, सर," मुज्तबा म्हणाला. "दोन्ही चिपांवर उठत नाही, म्हणजे…"

"फुकटातलं बसवलं की असंच होतं. मेसवाला चारला गाळा बघायला येतोय." रुद्रेश जिना चढून गेला.

एक वाजता भारनियमनामुळे वीज गेली. धोंडप्पांनी भाकरीचा डबा उघडला, अर्धी भाकरी मुज्तबाकडे सरकवली.

सोळा वर्षांपूर्वी याच बाकड्यावर असंच खाल्लं होतं. मुज्तबा तेव्हा बावीसचा, नुकताच आयटीआय करून आलेला. भूकंपानंतरच्या आठवड्यात औसा-किल्लारीकडची माणसं मातीने भरलेले ट्रान्झिस्टर फडक्यात बांधून आणत. घर गेलेलं, पण रेडिओ दुरुस्त पाहिजे. बातम्यांत आपल्या गावाचं नाव येतं का ते ऐकायचं असायचं. धोंडप्पा एकही रेडिओ लगेच खोलत नसत. आधी विचारत, शेवटचा कुठं वाजला होता? कुणी म्हणे भिंतीतल्या देवळीत, कुणी म्हणे पत्र्यावर. मग ब्रशने माती झाडत, कान लावून, आवाज कुठवर येतो ते शोधत जात. त्या दिवसांइतकं काम मुज्तबाने पुन्हा कधी केलं नाही, आणि कामाचा तेवढा उपयोगही पुन्हा कधी जाणवला नाही. तेव्हा हा रस्ता साडेसातला सामसूम व्हायचा. आता समोर सात क्लासच्या पाट्या होत्या.

"काय विचार करलालास?" धोंडप्पांनी विचारलं. "शेवटचा कुठं चालला होता हा?"

"माझ्या टेबलावर. पुठ्ठ्यावर ठेवून."

"डब्यात न्हाई?"

"न्हाई, अप्पा."

"मग काढ की भायेर."

मुज्तबाने स्क्रू काढायला घेतले. बोर्डाला सहा भोकं होती, स्क्रूही सहाच निघाले. बोर्ड उचलला तेव्हा डब्याच्या तळाशी बोर्ड उचलून धरणारे पितळेचे स्टँड मात्र सात दिसले. सातव्याच्या वर बोर्डाला भोकच नव्हतं. तो मेमरीच्या खाचांखालच्या डाग दिलेल्या टाक्यांना टेकून शॉर्ट करत होता. तिथे चकचकीत ओरखडा पडला होता.

धोंडप्पांनी चष्मा कपाळावर चढवला. बराच वेळ पाहिलं.

"मीच लावला त्यो. डब्यात भोक रिकामं दिसलं."

मुज्तबाने सातवा स्टँड पिळून काढला. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर या दुकानात सैल काही राहिलं नव्हतं. फळ्यांना पट्ट्या, घड्याळाला दोन खिळे, बाकडं जमिनीत बोल्टने कसलेलं. हे सगळं त्यानेच अप्पांबरोबर कसलं होतं.

"सरला सांगतो, चूक माझी हाय म्हणून," धोंडप्पा म्हणाले.

"आधी उठू तर द्या त्याला."

"जळला आसंल का रं?"

"माहीत न्हाई, अप्पा."

तीन पस्तीसला वीज आली. बोर्ड पुठ्ठ्यावर होता, चिप नवी. सातवी ओळ आली, आणि तिच्याखाली आठवी: 'मेमरी ५१२'. धोंडप्पांनी मुज्तबाच्या पाठीवर थाप मारली. नववी, दहावी. डिस्क सापडली, तीही पूर्ण आकाराची. अकरावी ओळ 'पुढचा प्रोग्राम सुरू करत आहे'.

तिथे थांबलं. नांदेडला या ओळीनंतर दोन सेकंदांत पडदा उजळला होता.

बंद करून पुन्हा लावलं. अकरा ओळी. पुन्हा. अकराच.

चार वाजायला चार मिनिटं असताना रुद्रेश खाली आला, सोबत मेसवाला. धोंडप्पा उठून उभे राहिले.

"सर, डबा मी चुकीचा कसला. पोराची चूक न्हाई."

रुद्रेशने बोर्डाकडे पाहिलं, मग लॅपटॉपकडे. "सकाळी किती ओळी येत होत्या?"

"सात," मुज्तबा म्हणाला.

मेसवाल्याने खिशातून टेप काढून गाळ्याची रुंदी मोजायला सुरुवात केली. रुद्रेशने त्याला थांबवलं नाही, आणि स्वतः जिनाही चढला नाही. मुज्तबाने चिप काढून, पुसून परत बसवली आणि बटण दाबलं. चार वाजून दोन मिनिटांनी लॅपटॉपवर नववी ओळ आली होती, आणि रुद्रेश वाकून पुढच्या ओळीची वाट पाहत होता.