गळालेले एक्केचाळीस

सकाळचे ऊन आमच्या खोलीत घाईने येत नाही. आधी ते समोरच्या भिंतीवर थबकते, मग खिडकीच्या गजांतून आत उतरते, फायलींच्या धुळकट पाठींवरून सावकाश सरकते आणि नऊच्या सुमारास माझ्या कीबोर्डपाशी पोहोचते. लाजऱ्या पाहुण्याने खुर्चीच्या कडेवर टेकावे तसे. तोवर मला कुणाशी बोलावे लागत नाही. त्या दिवशी ऊन फायलींवरच होते, आणि डॉक्टर आत आले.

एचआयव्हीवर संशोधन करणाऱ्यांना मदत करणे हे आमच्या कक्षाचे काम. आकडे मी पाहतो, रुग्णांच्या मुलाखती ताई घेतात. डॉक्टरांच्या केंद्रात तीनशे जणांना तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम दिल्या जात होत्या; सहाव्या महिन्यात रक्त तपासून विषाणू दबला आहे का, ते पाहायचे होते.

"त्र्याण्णव टक्के यश," डॉक्टर म्हणाले. "दुपारी अहवाल समितीकडे जातोय. घरोघरी फिरणाऱ्या कार्यकर्त्यांची आता गरज नाही, असंही लिहिलंय मी."

"सर, एक्केचाळीस जण यायचेच थांबलेत. तेही धरले तर ऐंशी."

"जे आलेच नाहीत त्यांचं रक्त कुणी तपासलंय? झाकली मूठ सव्वा लाखाची, बाळा."

ते खांदा थोपटून गेले. मी हसलोसुद्धा. माझा राग असाच आहे. समोरचा निघून गेला की त्याला कंठ फुटतो.

"निलाजरा माणूस," मी ताईंना म्हणालो. "जिवंत माणसं पुसून टाकतो."

ताई मुलाखत ऐकून उतरवून घेत होत्या. त्यांनी कानांवरचे हेडफोन काढले.

"पुसली कुणी, आकडेशास्त्री? सहाव्या महिन्याची तपासणी नसेल तर नाव गाळा, ही ओळ कुणाच्या प्रोग्रॅममधली?"

मी पडद्यावर ती ओळ उघडली.

"तेव्हाच सांगितलं होतं, गाळू नकोस, मी त्यांच्या दारात जाऊन आलेय. गोळ्यांच्या खिडकीवर नावानं हाक मारतात आणि रांगेत शेजारी उभा असतो, म्हणून येत नाहीत ते. तू म्हणालास, तात्पुरतं आहे. उंटावरून शेळ्या हाकता तुम्ही दोघंही. तो डॉक्टर हाकतो, हे निदान कबूल तरी करतो."

त्यांचा एकेक शब्द खरा होता, आणि म्हणूनच मला त्यांचाही संताप आला. दात आवळून मी ती ओळ खोडली. प्रोग्रॅम पुन्हा चालवला. एक्केचाळीस ओळी पडद्यावर परतल्या, नावांविना, नुसते क्रमांक. एकशे सतरा क्रमांकासमोर सहाव्या महिन्याचा रकाना रिकामा होता. तो मी पूर्वीही पाहिला होता. गाळण्याची ओळ मी त्याच आठवड्यात लिहिली होती.

त्या क्रमांकाचे कार्ड आमच्या घरी फळीवर, गोळ्यांच्या न उघडलेल्या बाटलीखाली आहे. आई म्हणते, कामाच्या धावपळीत तपासणी राहिली असेल. कार्ड ज्याचे, तो म्हणतो, "तू तुझे आकडे बघ रे."

ऐंशी टक्क्यांचा तक्ता मी डॉक्टरांना पाठवला, आणि त्यांना न विचारता समितीलाही. ऊन आता माझ्या बोटांवर आले होते.

एकशे सतरा क्रमांक माझ्या दादाचा आहे. त्याने गोळ्या सोडल्या आहेत.