एक केबी

लोकांच्या कॉम्प्युटरच्या डिस्क बदलून देणं हा माझा धंदा. वीस वर्षांत चाळीस जीबीपासून चार टीबीपर्यंत आले आणि खरं सांगते, कंटाळले. जागा वाढली तसा लोकांचा निवडायचा त्रास संपला. "सगळंच घ्या ताई, नंतर बघू," म्हणतात. नंतर कुणीही बघत नाही.

मीही त्यातलीच. घरची डिस्क तीनदा बदलली. दरवेळी आधीचं सगळं उचलून 'जुनं' नावाच्या फोल्डरमध्ये टाकलं. आता 'जुनं'च्या पोटात 'जुनं', त्याच्याही पोटात 'जुनं'.

गेल्या महिन्यात आईच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि तिचा आवाज कायमचा गेला. आता ती फोनवर टाइप करते आणि फोन बोलतो, कुणा परक्या बाईच्या आवाजात. डॉक्टर म्हणाले, तिचं अर्ध्या तासाचं स्वच्छ रेकॉर्डिंग मिळालं तर फोन तिच्याच आवाजात बोलेल.

"आहे की!" मी छातीठोकपणे सांगितलं. बाबा होते तेव्हा एका रविवारी त्यांनी आईला माइकसमोर बसवून तासभर बोलतं केलं होतं. डेस्कटॉपवर 'आईचा आवाज' म्हणून ठेवलं होतं. मी ते दरवेळी आठवणीने पुढे नेलं. बाकी साठ हजार फोटो-व्हिडिओंत आई म्हणजे फक्त "पुरे, बंद कर ते."

आज दुकान बंद ठेवलं. आई शेजारी बसली, धाकटा भाऊ पाठीमागे उभा. जुनं, जुनं, जुनं. मिळालं एकदाचं! मी क्लिक केलं. फाइल सापडत नाही, असं आलं. मग फाइलच्या चित्राच्या कोपऱ्यातला तो छोटा बाण मला दिसला.

बाण म्हणजे शॉर्टकट. नुसता पत्ता, घर नव्हे. हे मी गिऱ्हाइकांना दिवसातून दहादा ओरडून सांगते. खरी फाइल पहिल्या डिस्कच्या दुसऱ्या कप्प्यात होती, तो कप्पा उचलायचाच राहिला आणि ती डिस्क मीच पुसून भंगारात दिली. इतकी वर्षं मी एक केबीचा पत्ता जिवापाड सांभाळत होते. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

"अगं ताई, तू तरी..." भाऊ म्हणाला.

आईने माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग फोन घेतला, एकेक अक्षर शोधत टाइप केलं.

"जाऊ दे. मी त्यात काय बोलले होते गं?" फोनमधल्या बाईने विचारलं.

मी भावाकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. जपून ठेवलंय म्हणून आम्ही ते एकदाही ऐकलं नव्हतं.