ईस्टरच्या सोमवारचे वळ

"दोन पँटी घाल," आईने नोएलियाला सांगितलं. "आत लोकरीची, वर जीन्स."

नोएलिया पाराग्वेची, सतरा वर्षांची. शाळेच्या विद्यार्थी अदलाबदलीत वर्षभरासाठी आमच्या चेक देशातल्या, मोराव्हियातल्या घरी राहायला आली होती. आठ महिन्यांत आमची भाषा चांगली बोलायला लागली होती.

"थंडी कुठे आहे?"

"ईस्टरचा सोमवार आहे ना आज. पुरुष येतील, फांद्यांच्या वेणीने पायांवर मारतील. त्याने बायका वर्षभर ताज्या राहतात. मग आपण त्यांना रंगवलेली अंडी द्यायची, मोठ्यांना दारू."

"राडका," ती माझ्याकडे वळली, "मारही आपणच खायचा आणि खाऊही आपणच द्यायचा?"

मी हसले. वीस वर्षांत हे मला कधी सुचलं नव्हतं.

आधी शेजारची शाळकरी पोरं आली. लाजत लाजत गाणं म्हणाली, वेणी पायाला टेकवल्यासारखी केली आणि अंडी घेऊन पळाली. नोएलियालाही गंमत वाटली. दहाच्या सुमाराला लुबोरकाका आला. बाबांचा थोरला भाऊ, लाकडं वाहणारा ट्रक चालवायचा. पाच घरांची दारू पोटात होती. दार उघडणाऱ्या आईला त्याने उंबऱ्यातच चार फटके मारले. मी कोठीत लपले होते. त्याने मला केसांना धरून स्वयंपाकघरात ओढत आणलं.

"वीस वर्षांची घोडी, अजून नवरा नाही! वाळून जाशील गं!"

फटक्यासरशी डोळ्यांपुढे काजवे चमकले. दोन पँटींतूनही मांडी पेटली. दरवर्षी मला आठवडाभर धड बसता यायचं नाही, पण याला मारहाण असं कुणी म्हणत नसे. बाबा टेबलापाशी पेला भरत हसत होते. "अरे दादा, पुरे आता."

"पुरे कसलं? ही परदेशी पाहुणी राहिली की!"

"मला नको," नोएलिया स्पष्ट म्हणाली.

"नको म्हणणारीला दोन जास्त!"

पहिला फटका तिच्या कानावर आणि मानेवर बसला. दुसऱ्याला तिने वेणीचं टोक पकडलं, मनगटाभोवती गुंडाळून हिसका दिला आणि सुटलेली वेणी त्याच्याच तोंडावर हाणली. एकदा, दोनदा, तीनदा. गाल उभा फाटला. काकाने तिचा गळा धरून तिला कपाटावर आपटलं. काचा फुटल्या, बशा कोसळल्या. तिचे पाय जमिनीवरून उचलले गेलेले मला दिसले. पुढचं मी विचार करून केलं नाही. लाटणं उचललं आणि त्याच्या कोपरावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

तो खुर्चीवर कोसळून गुरासारखा ओरडायला लागला. नोएलिया बेसिनवर वाकून ओकत होती.

"पाहुणी आहेस तू या घरात!" बाबा तिच्यावर ओरडले. "सणाच्या दिवशी हे असलं?" भिरकावून देण्यासाठी त्यांनी वेणी उचलली आणि थबकले. फांद्यांच्या फटीतून लाल काहीतरी दिसत होतं. जाडजूड विजेची वायर.

"दादा, हे काय?"

"नुसत्या फांद्या मोडतात रे," काका कण्हत म्हणाला. "गंमत असते."

आई पुढे आली. तिने घागरा गुडघ्यावर उचलला. ताज्या वळांतून रक्त ओघळत होतं, आणि पोटरीवर बोटभर लांब जुना व्रण होता.

"हा मागच्या वर्षीचा."

"तू तर म्हणालीस, तळघराच्या पायऱ्यांवर पडलीस."

"त्याच्या फटक्याने मी पडले तेव्हा तू त्याचा पेला भरत होतास."

बाबांनी कुणावर हात उगारलेला मी कधी पाहिला नव्हता. त्यांनी काकाला कॉलरला धरून पायऱ्यांवरून अंगणात फरपटत नेलं आणि मारलं. काकाने धडक दिली, बाबांचे दोन दात पडले. तरी ते थांबले नाहीत, रक्ताळल्या मुठीने मारतच राहिले. मी दारात उभी होते. थांबवायला हवं हे कळत होतं, पण थांबू नये असंच वाटत होतं. त्याची मला आजही भीती वाटते. शेवटी शेजाऱ्यांनी दोघांना सोडवलं.

पोलीस आले. काकावर गुन्हा नोंदला गेला, माझी आणि बाबांचीही चौकशी झाली. गावात मात्र एकच बोलणं, परक्या पोरीने भावाभावांत रक्त सांडलं. नोएलियाला आमच्याकडेच राहायचं होतं, पण तिच्या आईने फोनवर रडून रडून तिला परत बोलावून घेतलं. विमानतळावर तिच्या मानेवरचा वळ पिवळा पडत आला होता. "माझ्यामुळे झालं का गं?" तिने विचारलं. मी नाही म्हटलं, आणि ते खरं होतं.

त्यानंतरच्या रविवारी कोपऱ्यावरची श्टेपांकाबाई केकची बशी घेऊन आली. लुबोर दरवर्षी आमच्यानंतर तिच्याकडे जायचा. बराच वेळ हवापाण्याच्या गप्पा मारल्या, मग हळूच म्हणाली, "वायर होती ना गं आत? खरंच?"

आईने होकारार्थी मान हलवली. श्टेपांकाबाईने बशी टेबलावर ठेवली, आणि वाकून मोजा खाली सरकवायला लागली.